नळ-चौकशी समितीचे अध्यक्ष

मी विद्यापीठात मानसशास्त्र शिकवतो. समोरच्या माणसाच्या डोक्यात काय शिजतंय, हे त्याने तोंड उघडायच्या आत मला कळतं, असा माझा लौकिक आहे. हा लौकिक मीच पसरवलाय ही गोष्ट वेगळी, पण इतकी वर्षं तो टिकवून ठेवणं म्हणजे काही खायचं काम नाही! बायकोचा मात्र यावर काडीचा विश्वास नाही. तिच्या मते, तिच्या मनात काय चाललंय ते मला तिने ओरडून सांगितलं तरी कळत नाही.

तर झालं काय, यंदा आमच्या विभागात प्राध्यापकाची एक जागा निघाली. जागा एक, आणि डोळा लावून बसलेले आम्ही दोघं. दुसरे म्हणजे शेजारच्या खोलीतले सर. मुलांनी त्यांना 'टाचणी' असं नाव ठेवलंय, कारण ते बारीक आहेत आणि टोचतात. निवड समितीसमोर दोघांनीही एकेक ताजं संशोधन मांडायचं होतं. टाचणीसरांनी झोपेवर काहीतरी केलं होतं. मी म्हटलं, आपण जोरकस विषय घेऊ. 'विद्यापीठातील विद्यार्थ्यांची पर्यावरणविषयक जाणीव आणि निसर्गरक्षणाची तयारी'! नुसतं शीर्षक वाचून समितीने उठून उभं राहावं, असा विषय.

आणि निष्कर्ष काय निघणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जाणीव भरपूर, तयारी शून्य. आजकालची मुलं बोलतात फार, करत काही नाहीत. हे सिद्ध केलं की प्राध्यापकपद माझ्या खिशात.

मी प्रश्नावली छापून वाटली. उत्तरं आली ती वाचून मी कपाळाला हात लावला. सगळी मुलं साधुसंत निघाली! नदीसाठी उपाशी राहायला तयार, पक्ष्यांसाठी उन्हात उभी राहायला तयार. एकाने तर खाली स्वतःहून लिहिलं होतं की झाडासाठी वेळ आली तर मी प्राणही देईन. हा मुलगा माझ्या तासाला रोज झोपतो. ज्याची जागं राहायची तयारी नाही, तो प्राण द्यायला निघालाय!

संध्याकाळी जेवताना मी घरात हेच बोलून दाखवलं. आमची मुलगी याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकते. घरात तिला आम्ही 'फौजदार' म्हणतो, कारण माझ्या पाठोपाठ फिरून दिवे आणि पंखे बंद करणं हे तिने आपलं काम मानलंय. एकदा मी खोलीत वाचत बसलेलो असताना ती दिवा घालवून गेली. मी वाचत नव्हतो, पुस्तक तोंडावर घेऊन घोरत होतो, असं तिचं म्हणणं आहे. तर मी म्हणालो की तुमची सगळी पिढी म्हणजे नुसत्या गप्पा. तिने घास गिळला आणि शांतपणे मला म्हणाली, "बाबा, कागदावर विचारलंत तर कागदावरच उत्तर मिळणार. काहीतरी करायची वेळ आणून बघा ना."

वा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण तिला तसं दाखवलं नाही. मुलांना फार चढवून ठेवू नये.

प्रयोग अगदी साधा होता. ग्रंथालयाच्या इमारतीत तळमजल्यावर हात धुवायचा एक नळ आहे. तो थोडासा सोडून ठेवायचा. मुलं येतील, जातील, वाहतं पाणी बघतील आणि पुढे निघून जातील. आपण लपून सगळं टिपून घ्यायचं. लपायला जागाही देवाने नेमून दिल्यासारखी होती. नळाच्या बरोबर समोर एक अडगळीची खोली आहे. प्राणिशास्त्रवाल्यांनी तिथे भुसा भरलेले जुने प्राणी ठेवलेत. दाराला एक फट आहे. फटीला डोळा लावला की नळ स्वच्छ दिसतो.

अडचण एकच होती. माणसांवर प्रयोग करायचा तर विद्यापीठाच्या एका समितीची आधी परवानगी घ्यावी लागते, आणि ती समिती कधी भरते हे तिच्या सभासदांनाही ठाऊक नसतं. परवानगी न घेता प्रयोग करताना सापडला, तर त्या माणसाने बढतीचं नाव काढायचं नाही. हा नियम मला तोंडपाठ आहे, कारण वर्गात तो मीच शिकवतो. पण मी म्हटलं, नळ तर सोडायचाय, कुणाच्या डोक्याला तारा थोड्याच लावायच्यात? कोणाला कळतंय!

खोलीची किल्ली शिपाईमामांकडे असते. मला विचार करायला निवांत जागा हवी आहे, असं मी त्यांना सांगितलं. मामांनी माझ्याकडे फार कळवळून पाहिलं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं, आणि किल्ली हातात ठेवली. त्यानंतर ते अधूनमधून हळूच दार ढकलून कॉफीचा पेला आत ठेवत आणि चिंतातुर चेहऱ्याने निघून जात.

पहिल्या दिवशी मी नळ सोडला आणि भुसा भरलेल्या अस्वलाशेजारी दबा धरून बसलो. पहिली मुलगी आली. मोबाइलवर बोलत होती. बोलता बोलताच नळ बंद करून गेली. ठीक आहे, म्हटलं, अपवाद असतातच. मी बाहेर गेलो, नळ सोडला, पुन्हा आत. एक दाढीवाला आला. त्याने नळ बंद केला. मी बाहेर गेलो, नळ सोडला, पुन्हा आत. तिघं जण हसत खिदळत आले. चला, हे तरी लक्ष देणार नाहीत! लांब गेल्यावर त्यांच्यातला एक जण मागे फिरला आणि नळ बंद करून धावत त्यांना गाठायला गेला.

मग मी धार बारीक केली. तरी बंद. मग नुसते थेंब ठेवले. त्यावर ती तासाला झोपणारी स्वारी आली, डोळे चोळत नळाकडे बघितलं आणि मूठ घट्ट पिरगाळून थेंबही बंद केला. दिवसभर मी आत-बाहेर करून इतका दमलो की माझे गुडघे बोलायला लागले. एव्हाना माझं संशोधन पाण्यात गेलं होतं, किंवा खरं सांगायचं तर जात नव्हतं.

आता एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? आपला अंदाज चुकला असं म्हणून गप घरी गेला असता. मी म्हटलं, यात विशेष ते काय? मूठ फिरवायला कष्ट कुठे पडतात? खरी तयारी कष्ट पडले की कळते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी नळाच्या मुठीवरचा स्क्रू काढून खिशात टाकला. आता मूठ नुसतीच गरगर फिरायची आणि पाणी वाहतच राहायचं.

मग सुरू झाला तमाशा. एकाने मुठीला रुमाल गुंडाळून पाहिला. एकीने खाली बादली लावली. भरलेली बादली उचलून दोघं बागेत ओतून आले आणि रिकामी घेऊन परत आले. बघता बघता नळापासून बागेपर्यंत मुलांची रांग लागली. कोणीतरी दुरुस्ती विभागात फोन केला, तिथून 'बघतो' असं उत्तर आलं. शेवटी एक मुलगी कुठूनशी पक्कड घेऊन आली आणि तिने नळाचा आतला दांडा पकडीत धरून पिळून बंद केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी वळली तेव्हा मी फटीतून तिचं तोंड पाहिलं. आमची फौजदार!

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, अस्वलाशेजारी बसल्या बसल्या माझी मान जरा ताठ झाली. मग मला प्राध्यापकपद आठवलं आणि मी ती पुन्हा खाली घातली.

इथेही मी थांबलो नाही. मुलं पांगल्यावर मी पक्कड शोधली, दांडा सैल केला आणि पाणी पुन्हा सोडलं. तिथे मी चुकलो. एकदा स्क्रू पडला तर तो आपोआप पडला असं लोक समजतात. बंद केलेला नळ मुठीशिवाय परत वाहायला लागला, तेव्हा मुलांना कळलं की हे कोणीतरी मुद्दाम करतंय. संध्याकाळच्या आत सगळ्या विभागांतली मुलं ग्रंथालयाचाही कारभार पाहणाऱ्या आमच्या विभागप्रमुख बाईंच्या दारात उभी होती. पाण्याचा असा नाश करणारा माणूस सापडला पाहिजे, नाहीतर आम्ही वर्गात बसणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाईंनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, सापडलो. पण त्यांनी मला खुर्ची दिली, आणि म्हणाल्या, "सर, मुलांचं मन तुमच्याइतकं कोणाला कळतं? चौकशी समितीचे अध्यक्ष तुम्हीच."

मी मान डोलावली. समितीचे चिटणीस म्हणून टाचणीसरांना नेमण्यात आलं आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून मुलांनी एकमताने जिची निवड केली, ती माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसली आणि मला घरच्यासारखं 'बाबा' न म्हणता 'सर' म्हणाली.

पहिल्याच बैठकीत टाचणीसरांनी टोचलं. म्हणाले, अध्यक्ष मानसशास्त्राचे जाणकार आहेत, तेव्हा त्यांनी गुन्हेगाराच्या मनाचं वर्णन करावं. आता आली का पंचाईत! मी घसा साफ केला आणि सांगितलं की माणूस अत्यंत बुद्धिमान, चिकाटीचा आणि काहीतरी मोठ्या हेतूने झपाटलेला असावा.

"बुद्धिमान माणूस नळाशी कशाला खेळत बसेल?" फौजदार म्हणाली. "रिकामटेकडा असणार कोणीतरी. घरी कोणी विचारत नसेल बिचाऱ्याला."

टाचणीसरांना हे वर्णन फारच पटलं. मला पटलं नाही, पण त्याच्या विरोधात बोलायला माझ्याजवळ काही पुरावाही नव्हता.

मग तिने दोन गोष्टी सांगितल्या आणि माझी झोप उडवली. पहिली, उद्या सकाळी आधी शिपाईमामांना विचारायचं, कारण समोरच्या अडगळीच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते. दुसरी, मुलांनी एक सापळा लावलाय. काय सापळा, म्हणून मी अगदी सहज विचारावं तसं विचारलं. तर म्हणाली, समितीलासुद्धा सांगणार नाही. बाहेर फुटेल.

आता माझी परिस्थिती ध्यानात घ्या. दुसऱ्याच दिवशी निवड समिती येणार होती. मामांना बोलावलं की ते पहिल्याच वाक्यात, सर बिचारे आत अस्वलाशेजारी बसून असतात, हे सांगणार. मग परवानगी नसलेला प्रयोग उघडा पडणार, प्राध्यापकपद टाचणीसरांना आंदण जाणार आणि मुलीसमोर माझी काय शोभा होणार ते वेगळंच. यातून वाचायचा रस्ता एकच होता. स्क्रू गुपचूप मुठीवर परत बसवायचा. म्हणजे सकाळी अध्यक्ष या नात्याने मला जाहीर करता येईल की स्क्रू ढिला होता, तो निसटत होता, कोणीतरी भल्या माणसाने बसवला, चौकशी संपली. मामांना विचारायची वेळच यायची नाही. सापळा म्हणजे मुलं पहाऱ्याला बसणार, असं मी धरून चाललो. त्यावरही माझ्याकडे उपाय होता. आजकालची मुलं सकाळी उठत नाहीत!

इमारत उघडल्या उघडल्या मी आत शिरलो. कोणी चिटपाखरू नव्हतं. मुलांनी पुन्हा पकडीने पिळून ठेवलेला नळ बंद होता आणि मूठ वर नुसती बसवून ठेवलेली होती. डाव्या हाताने मूठ घट्ट धरली, उजव्या हाताने स्क्रू पिळला, बसला. झकास! मग नळ नीट चालतो का ते पाहावं, म्हणून मी तो सोडला आणि जाता जाता हात धुतले.

हात जांभळे झाले.

मी ते चोळले. ते आणखी जांभळे झाले. साबण लावला, तर फेससुद्धा जांभळा. मुठीवर मुलांनी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली कसलीशी कोरडी भुकटी भुरभुरली होती. पानांचे पातळ काप रंगवायला ती वापरतात. कोरडी असेपर्यंत दिसत नाही, पाणी लागलं की असा रंग सोडते की पाहतच राहावं! जितकं धुवावं तितका तो मनगटाकडे चढत होता. घाबरलो की मी कान खाजवतो. म्हणजे कानही गेला.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मी पाठच्या दाराने धूम ठोकली. आणि कहर म्हणजे नळ वाहता ठेवूनच ठोकली!

विभागात जाऊन मी हातांना काय काय लावून पाहिलं ते विचारू नका. फळा पुसायचं फडकं, पिण्याचा सोडा, खिडक्या पुसायचं औषध. शेवटी हात खिशात घालून खोलीत बसलो आणि राजीनाम्याचा मायना मनात जुळवू लागलो. बाहेर गलका वाढत होता. सापळा लागला, रंग सुटलाय, जांभळ्या हातांचा माणूस शोधा, असं पोरं ओरडत होती. मी हात खिशात आणखी खोल घातले.

आणि मग तो चमत्कार झाला.

जांभळ्या हाताचा माणूस सापडला. त्या निघाल्या आमच्या विभागप्रमुख बाई! जिन्यावरची पावलं त्यांचीच होती. वाहता नळ पाहून बाईंनी जाता जाता तो बंद केला होता आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं जांभळी झाली होती. मुलं आ वासून उभी. बाई मात्र अशा गडबडून जाणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हा हात नळ बंद करणाऱ्याचा आहे. मला त्याची लाज नाही, अभिमान आहे."

झालं! वारं फिरलं. जो हात चोराचा ठरणार होता तो सज्जनाचा ठरला. पाहता पाहता नळासमोर रांग लागली. प्रत्येकाने यायचं, मुठीला ओलं बोट लावायचं, बोट जांभळं करून घ्यायचं आणि फोटो काढून जगाला कळवायचं की मी नळ बंद करतो. नळ तर केव्हाच बंद होता, पण ते कोण बघतो? काहींनी तर बोट नीट रंगलं नाही म्हणून दुसऱ्यांदा रांग धरली. माझा मूळ सिद्धांत अगदीच चुकीचा नव्हता हो! पण त्या वेळी मला सिद्धांत सुचत नव्हता. त्या गडबडीत मामांना विचारायचंही सगळे विसरले होते. मी खिशातून हात बाहेर काढले आणि मोकळा श्वास घेतला.

या सगळ्यात एकच जण हिरमुसून कोपऱ्यात उभी होती. आमची फौजदार. तिचा सापळा फुकट गेला होता. आता जांभळी बोटं इतकी झाली होती की त्यात चोर कुठला ओळखू येणार? माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिचा पडलेला चेहरा बघून मला आत कुठेतरी टोचलं. पण मुलाखतीची वेळ झाली होती, आणि मी टोचणं पुढे ढकललं.

मुलाखत काय झाली म्हणून सांगू! निवड समितीत बाहेरून आलेले एक पाहुणे होते, पर्यावरणाच्या नावाने गहिवरणारे. माझे हात पाहून ते खुर्चीतून अर्धे उठले. बाईंनी कौतुकाने सांगितलं की बाकीच्यांचं एकेक बोट रंगलंय, आमच्या सरांनी तर दोन्ही हातांनी नळ बंद केला. कानावरचा डाग कसला, असं पाहुण्यांनी विचारलं. मी म्हणालो, पाणी थेंब थेंब गळत असावं अशी शंका आली, म्हणून कान लावून ऐकत होतो. पाहुण्यांचे डोळे पाणावले. मग मी संशोधन मांडलं. जाणीव भरपूर आणि तयारीही भरपूर, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय, असं मी छातीठोकपणे सांगितलं. नुसतं संशोधन नव्हे, आचरण, असं पाहुणे बाईंना म्हणाले ते मी जाताना ऐकलं. माझ्यानंतर टाचणीसरांचा नंबर होता. ते आत शिरण्याआधी धावत तळमजल्यावर जाऊन एक बोट रंगवून आले, पण आता काय उपयोग!

जागा माझी झाली होती. घोषणा तेवढी बाकी होती.

पाहुण्यांच्या आग्रहाने ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं. वरच्या पायरीवर निवड समिती, मधोमध मी, भोवती मुलं. कॅमेरावाल्या मुलाने रंगलेले हात वर करायला सांगितले. सगळ्यांचं एकेक बोट वर झालं. मीही हात वर केला. पाहुण्यांनी मला कोपराने ढोसलं, अहो दोन्ही करा, लपवता कशाला? मी दोन्ही केले.

मुलगी खालच्या पायरीवर होती. तिचे हात कोरे, कारण सापळा तिचाच होता. ती मागे वळून बघत होती. माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, उजव्याकडे बघितलं, पुन्हा डाव्याकडे. तिच्या कपाळावर आठी पडली. कोडं सोडवताना लहानपणी पडायची, तशीच.

"बाबा," ती म्हणाली, आणि या वेळी 'सर' म्हणाली नाही. "नळ बंद करायला तुम्हाला दोन हात का लागले?"

प्रश्न तिने हळूच विचारला होता. पण फोटोसाठी सगळे श्वास रोखून उभे होते, त्यामुळे तो पार वरच्या पायरीपर्यंत ऐकू गेला. मी म्हणालो की बंद करताना, म्हणजे कसं, जोर लावावा लागतो. मग एक विचित्र गोष्ट घडली. पायऱ्यांवरच्या प्रत्येकाने हवेत हात धरून नळ बंद करून पाहिला. बाईंनी पाहिला. पाहुण्यांनी पाहिला. टाचणीसरांनी तर दोनदा पाहिला. प्रत्येकाला एकच हात लागला.

"दोन हात स्क्रू बसवायला लागतात," ती म्हणाली. "एकाने मूठ धरायची, दुसऱ्याने पिळायचं. काल संध्याकाळपर्यंत स्क्रू नव्हता. आज आहे."

तिचे डोळे भरून आले होते. मी एक खोटं बोललो असतो तर तिने मानलं असतं, हे मला तिच्याकडे पाहून कळत होतं. तिला मानायचंच होतं. आयुष्यात एखाद्याचं मन मला खरोखर वाचता आलं असेल, तर ते त्या एका क्षणी. पाहुणे शेजारी, जागा हातात, आणि ती खालून माझ्याकडे बघतेय. मी तोंड उघडलं आणि खोटं काही बाहेर पडेना.

बाईंनी विचारलं, "सर, चौकशी समितीचं काय म्हणणं आहे?"

"चौकशी पूर्ण झाली," मी म्हणालो. "गुन्हेगार सापडला. तो समितीचा अध्यक्ष आहे."

कॅमेरावाल्या मुलाने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. परवानगीचं प्रकरण निघायचं ते निघालं. मामांनी साक्ष दिली आणि जाताना मला म्हणाले की घरचं सगळं निवळेल, धीर धरा. प्राध्यापकपद टाचणीसरांना मिळालं, एका बोटाच्या जोरावर. बाईंनी मला एवढंच सुनावलं की यापुढे विद्यापीठातला एकही नळ वाहता दिसला तर पहिला तुम्हालाच बोलवीन. आणि त्या बोलावतात.

संध्याकाळी घरी मी तोंड लपवून बसलो होतो. मुलगी आली आणि शेजारी टेकली. मी मनात म्हटलं, आता माफी मागेल.

"वाईट वाटतंय बाबा," ती म्हणाली. "पण पाणी वाहत होतं हो."

मला लाज वाटत होती, जागा गेल्याचं दुःख होत होतं, आणि या सगळ्याच्या वर छातीत अभिमान मावत नव्हता. सख्ख्या बापाविरुद्ध उभं राहायची तयारी आहे का, हा प्रश्न प्रश्नावलीत घालायचं धाडस मलाही झालं नव्हतं. तिने डोळ्यांत पाणी घेऊन त्याचं उत्तर दिलं होतं. मी तिला हे सांगितलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून थोडी रडली आणि उठून जाताना खोलीतला दिवा घालवून गेली. मी अंधारात बसून राहिलो, कारण मी काही वाचत नव्हतो, हे खरंच होतं.

आता विद्यापीठात मुलं वाटेत भेटली की नमस्कार करत नाहीत. लांबूनच दोन्ही हात वर करतात आणि फार गंभीर चेहऱ्याने पुढे निघून जातात. मीही करतो. नाही केले तर ती उगाच वाट पाहत उभी राहतात, आणि रंगही अजून गेलेला नाही.